शाळा सोडायची तर मुहूर्त काढावा लागतो का?

खडूफळा: बायको खाजगी अनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहे. मे महिन्यात दुसऱ्या शाळेत निवड झाली, म्हणून महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची १९८१ची सेवाशर्ती नियमावली काढली. नियम ४०: कायम कर्मचाऱ्याची नोटीस तीन महिन्यांची, कायम नसलेल्याची एक महिन्याची. इथवर ठीक. पण नोटीस उन्हाळ्या-दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत द्यायची नाही, नोटिशीत त्या सुट्टीचा एकही दिवस येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर द्यायचीच नाही! भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बसलो. शाळा १५ जूनला उघडली तर नोटीस जुलैच्या मध्यावर. ऑगस्ट उजाडला की ती दिवाळीच्या सुट्टीत शिरते. मग थेट दिवाळीनंतर, तेही जानेवारीअखेरपर्यंतच. नवी शाळा तोवर थांबणार आहे? मला तरी ही वेठबिगारी वाटते.

निवृत्त मुख्याध्यापिका: शब्द जपून वापरा. आमचे गणिताचे सर ऐन जानेवारीत गेले होते. दहावीची भूमिती मी शिकवली, मी मराठीची! फळ्यावर माझं प्रमेय मुलंच दुरुस्त करायची. शिवाय नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं, संस्थेने परवानगी दिली तर. भत्ते धरत नाहीत, जेवढे दिवस कमी पडतात तेवढ्याचाच पगार.

खडूफळा: 'संस्थेने परवानगी दिली तर', बाई. सगळं तिथेच अडतं.

हेडक्लार्क नाना: संस्था उगाच नाही अडवत. नोटीस नाही, पैसेही नाहीत आणि तरी माणूस सोडला, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापतात. आणि ही नियमावली ज्यावर उभी आहे त्या १९७७च्या कायद्यातलं कलम ७ विसरू नका. राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी आपल्याजवळ. एका संस्थेच्या कपाटात मी नेमणुकीच्या दिवशीच घेतलेले राजीनामे पाहिलेत. सही निळ्या शाईत, तारखेची जागा कोरी. पोस्टाचा शिक्का असल्या कोऱ्या तारखेला आडवा येतो.

गावकुसाबाहेर: नाना, शिक्क्यावर फार विसंबू नका. माझ्या मावशीला ऑफिसात बसवून लिहून घेतलं आणि शिपाई सोबत देऊन पोस्टात पाठवलं. प्रती दोन, तारीख बरोबर, पावतीही. शाळा न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस. त्यातले वीस तिचे रडण्यातच गेले. शिवाय २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, कायद्यातला शब्द मात्र तोच.

हेडक्लार्क नाना: मावशींचं वाईट वाटलं. पण जबरदस्तीला औषध न्यायाधिकरणच, पोस्ट नव्हे. पावती नसती तर तिथे काय दाखवलं असतं?

गावकुसाबाहेर: पावती तिने नाही दाखवली, नाना. संस्थेने दाखवली.

खडूफळा: नवी शाळा १५ ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार झाली, नशीब. पोस्टाची पावती हिने दुसऱ्या प्रतीला टाचून ठेवली. वेठबिगारी हा शब्द मात्र मी मागे घेत नाही, बाई.