जुन्या वेजच्या खाचांना धार लावायची आहे, टूल कोणतं घ्यावं? (नाशिक)

दिंडोरी_रोड
नमस्कार मंडळी. देवळालीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांकडून गोल्फचा जुना सेट घेतला. आयर्न झकास आहेत, पटरची तक्रार नाही. पण ५६ डिग्रीचा सँड वेज आणि ५२ चा गॅप वेज (जवळून बॉल उंच उडवायचे क्लब), दोघांचाही फेस, म्हणजे बॉलला लागणारी खाचांची बाजू, मधोमध चकचकीत झालाय. बॉल वर जातो छान, पण ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक छाटलेल्या गवतावर) पडला की थांबायचं नाव नाही. पावसाळी गवतातून मारला तर विचारूच नका.
नेटवर खाचांना धार लावायची टूल्स दिसतात. एक पेनासारखं, एका टोकाला यू आणि दुसऱ्याला व्ही. दुसरं षटकोनी, सहा टोकांचं. काही शे रुपयांचा मामला आहे. नवा ब्रँडेड वेज घ्यायचा तर एकेकाचे दहा हजारांच्या पुढे. कोणी वापरलंय का? कोणतं घ्यावं? की नाशकात हे काम कोणी करून देतं? हँडिकॅप विचारू नये ही विनंती.

मिसळप्रेमी
नाशकात गोल्फ? मला वाटायचं गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने आणि सकाळी फिरायला येणारे आजोबा, एवढंच असतं.

दिंडोरी_रोड
तेच ना. रिक्षावाल्याला गोल्फ म्हटलं की तो अनंत कान्हेरे मैदानाच्या गेटवर आणून सोडतो. असो, विषयावर या.

हिरवळ
षटकोनी घ्या. मी वापरतो. टोकं वेगवेगळ्या मापाची असतात, त्यामुळे कुठलं ना कुठलं बसतं. ओल्या गवतातून चिप मारताना फरक जाणवतो. पेनवालं हातात नीट बसत नाही, सटकतं.

अंबडचा_फिटर
टूलरूममध्ये हयात गेली, गोल्फ निवृत्तीनंतर लागला. टूल मागवण्याआधी एक काम कर. टोकडच्या, म्हणजे दांड्यापासून लांबच्या बाजूच्या खाचा बघ. तिथे बॉल सहसा लागत नाही, त्यामुळे त्या कारखान्यातून आल्या तशाच राहतात. त्यांच्यावरून नख आडवं फिरव, मग मधल्या खाचांवरून फिरव. टोकडे अडखळलं आणि मध्ये सरकत गेलं तर कडा गेल्या. दोन्हीकडे सारखंच अडखळलं तर खाचा शाबूत आहेत, नुसती माती भरलीय. आपली काळी माती एकदा वाळून बसली की वरवर पुसून निघत नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून फक्त डोकं भिजत ठेव, दांडा नको. मग जुना टूथब्रश आणि बांबूची टूथपिक. पितळी ब्रश चालेल, पोलादी नको.

आता टूलबद्दल. खाच झिजते म्हणजे तिचा तळ झिजत नाही. बंकरची वाळू आणि बॉल घासून वरची कड गोल होते, आणि दोन खाचांमधली सपाट जागा गुळगुळीत होते. टूल खरवडतं ते तळ आणि भिंती. कड परत आणायची तर भिंतीवरून धातू काढून खाच रुंद करायला हवी, नाहीतर वरची सपाटीच खाली आणायला हवी. हाताने दोन्ही एकसारखं होत नाही.

खरा घोळ पुढे आहे. व्हीचं टोक रुंद कोनाचं असतं. खाचेच्या भिंती उभ्या असतील तर ते आत उतरतच नाही, दोन्ही कडांवर टेकतं आणि त्यांना चॅम्फर मारतं, म्हणजे कड तिरकी कापतं. धार लावायला गेलास आणि होती ती कडसुद्धा मारून आलास! वरून ताजा धातू चमकतो, म्हणून माणूस खूश.

हिरवळ
काका, इतकं घाबरवू नका. फरक पडतो म्हणतोय तर पडतो.

अंबडचा_फिटर
पडत असेल, नाही कोण म्हणतंय. पण त्यातला किती धारेचा आणि किती खाचेतून निघालेल्या मातीचा? आधी नुसती साफ करून मारून बघितलीस का? दुसरं म्हणजे खरवडलं की कडेवर बर, म्हणजे धातूची बारीक टोचरी कोर, उठते. ती बर पहिले काही शॉट बॉलला चावते, मग मोडून पडते. तेवढ्या दिवसांचा स्पिन म्हणजे बरचा स्पिन.

हिरवळ
बॉलचं साल निघतं हे मात्र खरं आहे. मला वाटलं बॉलच हलके आहेत.

निवृत्त_तोपची
नियमाची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो. क्लब नवा असताना नियमात बसत असेल तर रोजच्या वापराने कितीही झिजला तरी तो नियमातच धरला जातो. पण मुद्दाम बदल केलात तर तेवढा भाग नवा समजून तपासला जातो आणि बदललेल्या अवस्थेत त्याला मापात बसावं लागतं.

यूएसजीए आणि आर अँड ए (गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था) यांची मापं अशी: खाचेची रुंदी ०.९ मिमीपर्यंत, खोली ०.५०८ मिमीपर्यंत. २०१० पासून २५ डिग्री आणि त्याहून जास्त लॉफ्टच्या (फेसच्या तिरकेपणाच्या) क्लबना आणखी अटी आल्या. कडेची गोलाई ०.२५४ मिमीपेक्षा कमी नको, आणि खाचेच्या छेदाचं क्षेत्रफळ व दोन खाचांमधलं अंतर यांच्या गुणोत्तरालाही मर्यादा. म्हणजे नव्या वेजची कडसुद्धा सुरीसारखी धारदार नसते, ठरवून किंचित गोल ठेवलेली असते. शिवाय बोट फिरवून टोकेरी कड किंवा वर आलेला ओठ लागता कामा नये. फिटर साहेबांची ती बर तिथेच पकडली जाते.

नियमबाह्य क्लब पिशवीत नुसता असला तर दंड नाही. त्याने स्ट्रोक मारलात की स्पर्धेतून बाद. सकाळी दोस्तांबरोबर खेळायला काय हवं ते करा, स्पर्धेच्या कार्डावर सही करायची असेल तर विचार करा.

अवांतर: २०१० ची अट येण्याआधीचे काही क्लब मात्र पिंग कंपनी आणि यूएसजीए यांच्यातल्या जुन्या समझोत्यामुळे चालत होते. अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेलसनने त्या वर्षाच्या सुरुवातीला जुना पिंग आय २ वेज बाहेर काढला होता तो त्यामुळेच. नियमाने तो बरोबर होता, तरी बोलणी बरीच बसली.

दिंडोरी_रोड
बाप रे. क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेत खेळतो मी, ढाल मिळण्याची शक्यता शून्य असली तरी. तोपची सर, पाव मिमीची गोलाई घरी कशी मोजायची?

निवृत्त_तोपची
घरी नाही मोजता येत. माझं म्हणणं तेच आहे.

अंबडचा_फिटर
घरी नाही, टूलरूममध्ये येते. प्रोफाइल प्रोजेक्टर असतो, वस्तूची सावली मोठी करून पडद्यावर पाडतो, त्यावर त्रिज्या मोजतात. अडचण अशी की बहुतेक वेजच्या खाचा फेसच्या कडेपर्यंत जात नाहीत, आतच संपतात. मग सावलीत खाच दिसणार कशी? वेज कापायचा?

दातांची_ताई
कापू नका हो! आमच्याकडे दाताचा साचा घ्यायची सिलिकोन पुट्टी असते. पुट्टीवर पातळ लाइट बॉडी घालून फेसवर दाबायची, पाच-सहा मिनिटांत घट्ट होते, अलगद निघते. केसाएवढी रेघसुद्धा उमटते. तिचा ब्लेडने आडवा काप काढला की खाचेचा छेद उलटा मिळाला. तो ठेवा तुमच्या प्रोजेक्टरखाली. गोल्फ मी खेळत नाही, नवरा खेळतो, म्हणून हा धागा वाचतेय.

अंबडचा_फिटर
वा ताई! आमच्यात याला रेप्लिका म्हणतात, डायच्या आतल्या कोपऱ्यांसाठी करतात. खाचा साबणाने धुऊन कोरड्या असल्या पाहिजेत, नाहीतर मातीचंच माप निघायचं. आणि काप खाचेला अगदी काटकोनात हवा, तिरका गेला तर खाच आहे त्यापेक्षा रुंद दिसेल.

पुण्याहून_सध्या
मूळ तक्रार बॉल थांबत नाही ही आहे ना? कोणीच विचारलं नाही की बॉल कोणता. साधा दोन तुकड्यांचा, कडक सर्लिन कव्हरचा बॉल असेल तर नव्याकोऱ्या वेजनेसुद्धा तो ग्रीनवर पळणारच. युरेथेन कव्हरचा बॉल घेऊन बघा, वेजच्या शॉटला त्याची फिरकी बरीच जास्त असते. धार लावण्याच्या खटाटोपापेक्षा हा प्रयोग सोपा. आणि एप्रिल-मेच्या कडक ग्रीनवर थांबत नसेल तर वेजला दोष देऊ नका.

दिंडोरी_रोड
बॉल... तळ्यातून काढून विकतात ते. मिळेल तो. 🙈

पुण्याहून_सध्या
झालं मग.

निवृत्त_तोपची
त्यात थोडी भर. छाटलेल्या कोरड्या गवतावरून स्वच्छ बॉल मारताना खाचांचं काम फार कमी असतं, तिथे फेसचा खरखरीतपणा बॉलला पकडतो. खाचा लागतात ओल्यात आणि रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात. बॉल आणि फेसच्या मधलं पाणी, गवताचा रस खाचेत जायला जागा मिळते. जागा नसेल तर बॉल फेसवरून वर घसरतो, नेहमीपेक्षा उंच निघतो, फिरकी कमी घेतो आणि पडल्यावर पळतो. आपण सांगितलेली पावसाळी गवतातली लक्षणं नेमकी तीच आहेत. त्यामुळे बॉल हे अर्धं उत्तर झालं, खाचा तपासाच.

आणि सँडपेपरने फेस खरखरीत करायचा मोह होईल, तो आवरा. त्या खरखरीतपणालाही नियमात मर्यादा आहे.

मिसळप्रेमी
गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, तरी सगळं वाचून काढलं. चालू द्या.

दिंडोरी_रोड
अपडेट. दोन्ही वेज साबणात भिजवून घासले. काका, पाणी अक्षरशः काळं झालं. ५२ च्या मधल्या खाचांवर आता नख अडखळतंय, टोकडच्यापेक्षा किंचित कमी, पण अडखळतंय. ५६ मात्र गेलाच आहे. मध्ये नख सरळ सरकतं. विकणारे साहेब बंकरमध्ये बराच वेळ घालवत असावेत.
आता ५२ तसाच ठेवतो. ५६ सरावासाठी ठेवून त्याच्यावर टूल चालवून बघायचा विचार आहे, स्पर्धेत नेणार नाही. कसं करायचं तेवढं सांगा.

अंबडचा_फिटर
सरावाचाच असेल तर हरकत नाही. आधी खाचेचा आकार ओळख. टोकडच्या न झिजलेल्या खाचेत टूलचं टोक उभं धरून बघ. तळाला टेकलं आणि हललं नाही तर ते टोक तुझं. वर लटकलं, डुगडुगलं तर सोड, दुसरं टोक बघ. एकही बसलं नाही तर काम तिथेच थांबव.

वाइसमध्ये दांडा थेट पकडू नको. स्टीलचा असेल तर चेपतो, ग्रॅफाइटचा असेल तर चिरतो. लाकडी ठोकळ्यांत कापड घालून डोकं पकड, फेस वर. ज्या खाचेवर काम करायचं तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लाव, सटकलं तर चरा टेपवर जातो. मशीन ऑइलचा एक थेंब. टूल उभं, दाब हलका, एकाच दिशेने ओढायचं, मागेपुढे कानस मारायची नाही. दोन-चार हलके हात मारून ब्रशने कीस काढ, बघ, मग पुढची खाच. खोली वाढवायच्या मागे लागू नको, खोलीने कड येत नाही. चष्मा घाल. ड्रेमेल वगैरे फिरतं काही लावायचं नाही, एका क्षणात खाचेचा ओढा होतो.

शेवटी कापसाचा बोळा फेसवरून फिरव. तंतू अडकले तिथे बर आहे. फेसला सपाट टेकवून बारीक ऑइलस्टोन अगदी हलका फिरव, बर जाईल.

हिरवळ
आणि गंज. हे माझ्याकडून घ्या. खरवडल्यावर वरचं क्रोम जातं, आतलं कार्बन स्टील उघडं पडतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर ओल्या पिशवीत राहिलं की सकाळी खाचा तांबूस. खेळून आलं की कोरडं करून तेलाचं फडकं फिरवायचं. डोकं स्टेनलेसचं असेल तर एवढी भीती नाही.

निवृत्त_तोपची
गंजाने खेळ बिघडत नाही. काही खेळाडू मुद्दाम प्लेटिंग नसलेला वेज घेतात आणि गंजू देतात. दिसायला वाईट, एवढंच.

दिंडोरी_रोड
कळलं. म्हणजे षटकोनीच मागवतो, टोकं जास्त म्हणून. आणि ५६ ची जागा भरायला?

पुण्याहून_सध्या
सेकंडहँड बघा, पण फोटो फेसचा मागा, मागच्या बाजूचा नाही. लोक मागचा नक्षीदार भाग चमकवून फोटो टाकतात. मधल्या तीन-चार खाचांचा उजेडात जवळून काढलेला फोटो नसेल तर पैसे पाठवू नका. व्होकी वेज बनवणारे ७५ राउंडनंतर वेज बदला म्हणतात. विकणारेच ते, तसंच म्हणणार, पण महिन्यातून एक-दोनदा खेळणाऱ्याला तो आकडा गाठायला काही वर्षं लागतात. बंकरचा सराव त्या जुन्या ५६ वर करा, नवा वाळूपासून जपा.

दातांची_ताई
साचा काढायचा आहे की नाही? नवऱ्याने ऐकलं, आता त्यालाही त्याच्या वेजचा काढून हवाय. शनिवारी दुपारी पेशंट कमी असतात, क्लिनिकचा पत्ता व्यनि करते.

दिंडोरी_रोड
येतो ताई. धार लावण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन साचे मिळाले तर उत्तम. काका, काप तुमच्याकडे आणून देतो.

अंबडचा_फिटर
माझ्या जुन्या टूलरूममध्ये प्रोजेक्टर अजून आहे, पोरं ओळखीची आहेत. जेवणाच्या सुट्टीत बघू देतील. तीन काप आण. टोकडची कोरी खाच, मधली झिजलेली, आणि मधलीच धार लावलेली. पडद्यावर शेजारी शेजारी लावू, आकडे इथे टाकतो. तोवर हिरवळने त्याच्या टूलने केलेल्या खाचेचाही साचा काढून घ्यावा, त्याच्या म्हणण्याचंही माप निघेल.

हिरवळ
येतो. पेढे कोणी आणायचे ते माप निघाल्यावर ठरवू.