मदत हवी आहे: स्क्रीन प्रिंटच्या चौथ्या रंगाचं इमल्शन (जाळीवरचा, उजेडानं कडक होणारा लेप) धुताना निघून जातंय

कोरी_जाळी: खानापूरहून लिहितेय, घाईत आहे. 31 तारखेला प्रिंट बेळगावला द्यायचाय. कल्पना अशी की प्रिंट कसा झाला ते त्याच प्रिंटमध्ये दिसावं. पहिल्या रंगात नुसत्या रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकावर एक नीट बसवायच्या फुल्या, दुसऱ्यात टेपच्या पट्ट्या, तिसऱ्यात फ्रेमची चौकट, चौथ्यात स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) धरलेला माझा हात, फोटोवरून. तीन झाले. चौथ्याला फ्रेम नळाखाली धरली की बोटं वाहून जातात. तीनदा केलं. काय चुकतंय?

टिळकवाडीकर: कसलं इमल्शन? एक्सपोज किती वेळ, म्हणजे उजेड किती दाखवला? जाळीचा नंबर? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कोरी_जाळी: नेहमीचंच की, बायक्रोमेट रसायन मिसळून केलेलं. जाळी 77, सेंटिमीटरला 77 धागे. ट्यूबच्या पेटीवर 8 मिनिटं. आधीचे तिन्ही तेवढ्यातच झाले.

शहापूर_प्रेस: आम्ही 20 वर्षं लग्नपत्रिका छापतोय. मिसळलेलं शिळं झालं असणार, रोज ताजं करा. आणि ट्यूब सोडा, ऊन दाखवा. दोन मिनिटांत काम.

कोरी_जाळी: ऑगस्टात खानापुरात ऊन कुठून आणू?

टिळकवाडीकर: शिळं झालं तर उलट होतं, काका. मिसळलेलं इमल्शन अंधारातही हळूहळू कडक होतं, मग धुतलं तरी डिझाइन उघडतच नाही. हिचं तर सुटून चाललंय. एक्सपोज कमी, नाहीतर लेप ओला. फ्रेम कुठं वाळवता?

शहापूर_प्रेस: तू आजवर किती फ्रेम केल्यास ते सांग आधी.

निपाणीकर: अमेरिकन चित्रकार वॉरहॉल 1962 पासून जाळीवरून फोटो छापू लागला. रंग सरकले, डाग पडले, तसेच ठेवले. वाहून गेलेला हातच छापा की. प्रक्रियाच दाखवायची ना?

कोरी_जाळी: हे मला सगळेच सांगतात. आपोआप गेलेला हात वेगळा, मी ठरवून पुसलेला वेगळा. आधी तो नीट येऊ दे, मग पुसायचं बघते. फ्रेम न्हाणीत वाळवते, तिथंच अंधार असतो.

टिळकवाडीकर: न्हाणीत! लेप वरून कोरडा लागतो, आत ओलाच. ओला लेप कितीही उजेड दाखवला तरी नीट धरत नाही. कोठीत पंख्याखाली वाळवा. मग योग्य वेळ कळायला फ्रेमवर पुठ्ठा सरकवत 4, 8, 12, 16 मिनिटांच्या पट्ट्या करून बघा. हाफटोन, म्हणजे फोटोचे ठिपके, इंचाला किती रेषांचा?

कोरी_जाळी: 85.

टिळकवाडीकर: हे पहिल्याच पोस्टीत हवं होतं. 77 म्हणजे इंचाला साधारण 195 धागे. रेषांच्या चौपट तरी धागे लागतात. बोटांच्या गडद भागात इमल्शनचे बारके ठिपके सुटे राहतात, त्यांना धरायला धागाच नाही. फुल्या, पट्ट्या, चौकट हे सपाट आकार, म्हणून ते टिकले. 45 रेषांवर या.

शहापूर_प्रेस: रेषांचं बरोबर आहे. बायक्रोमेटला हातमोजे घाल मात्र, पोरी. आमच्या एका पोराच्या हाताची साल निघालेली.

उचगावचा_पाहुणा: बारशाच्या पत्रिका 150 हव्यात, मराठी-कन्नड दोन्हीत. कुणी करतं का? दर?

कोरी_जाळी: कोठीत वाळवलं, 45 रेषा, 14 मिनिटं. चार बोटं आली! अंगठा अजून जातोय.

शहापूर_प्रेस: अंगठ्याच्या बाजूची ट्यूब काळी पडलीय का बघ. पाहुणे, 150 ला स्क्रीन परवडत नाही. झेरॉक्सवाल्याकडं जा.