निर्वासित छावणीतलं घर : तुमच्याकडच्या आठवणी लिहा

फाळणीवर लिहिताना आपण बहुतेक वेळा गाडीपाशी किंवा बोटीपाशी थांबतो. उतरल्यावर माणसं राहिली कशी? कल्याण कॅम्प, पिंपरी, चेंबूर, कोल्हापूरजवळचं वळिवडे, देशाबाहेरची कुठलीही छावणी चालेल. ऐकीव असेल तर तसं सांगा. राजकारण कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कॅम्पतीनची
ऐकीवच, पण दादीच्या तोंडून. कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून कल्याण कॅम्प. युद्धकाळातल्या लष्करी बराकी होत्या त्या. उल्हासनगर हे नाव १९४९ मध्ये मिळालं. बराक म्हणजे लांबलचक एकच खोली, मध्ये गोणपाट नाहीतर चादरी टांगून केलेली घरं. पलीकडच्या बाईला उचकी लागली की इकडून पाण्याचा पेला जायचा. नवऱ्याशी भांडायचं तर दादी त्याला नळावर बोलावून घ्यायची, तिथल्या गलक्यात कुणाला काही ऐकू यायचं नाही! संडास सामायिक आणि लांब. बायका पहाटे अंधारातच जायच्या, घोळक्यानं. दिवसा जायची वेळ येऊ नये म्हणून पाणी बेतानं प्यायच्या. हे मात्र तिनं फार उशिरा सांगितलं, तेही आजोबा गेल्यावर.

पिंपरीकर
आमच्याकडेही चादरीच. सासूबाई अजून बोलताना आवाज चढवत नाहीत.

पंचगंगाकाठ
वळिवड्याला आमचे आजोबा दूध घालायचे. १९४३ पासून तिथं पाचेक हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलं. शाळा, चर्च, सगळं होतं. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले. कापडबाजाराचं आजचं गांधीनगर ते हेच. पोलिशांच्या वेळी दारापुढं फुलझाडं असायची, नंतर तिथं दुकानाच्या फळ्या आल्या, असं आजोबा सांगायचे.

सिस्टर_ताई
@कॅम्पतीनची, पाण्याचं वाचून हललेच. मी बांगलादेशात कुतुपालोंगच्या रोहिंग्या छावणीत काम केलंय. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांवर माणसं आली, टेकड्या भादरून बांबू-ताडपत्रीची खोपटी उभी राहिली. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर निवारा हवा असा मदतसंस्थांचा निकष आहे, म्हणजे जेमतेम दोन खाटांची जागा. तेवढंही पुष्कळांना नव्हतं. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन बायका यायच्या. आम्ही औषध देऊन ‘भरपूर पाणी प्या’ म्हणायचो, त्या मान डोलवायच्या आणि प्यायच्या नाहीत. संडासाच्या दाराला आतून कडी लागत नाही, रात्री उजेड नाही, हे एका दुभाषी मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं. मग कड्या आणि दिव्यांसाठी अर्ज करत बसलो. कड्या लवकर आल्या.