क्यूटी: एलजीपीएल पुरेल की व्यावसायिक परवाना हवा?

क्यूटी ही अ‍ॅप बनवण्यासाठीची तयार कोडची लायब्ररी; ती एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली किंवा पैसे देऊन व्यावसायिक परवान्याखाली वापरता येते. 'एलजीपीएल घेतलं की आपलाही कोड उघडा करावा लागतो' असं अनेकदा म्हटलं जातं, ते बरोबर नाही. क्यूटी डायनॅमिक लिंक करा, म्हणजे ती अ‍ॅपच्या फाइलमध्ये न मिसळता वेगळ्या फाइल्समध्ये (विंडोजवर डीएलएल) ठेवा. तुमचा कोड बंद राहू शकतो. सोबत परवान्याचा मजकूर आणि वापरलेल्या क्यूटीच्या नेमक्या आवृत्तीचा सोर्स (मूळ कोड), तुमच्या बदलांसह, द्यावा लागतो. नुसता दुवा दिलात तरी तो सोर्स उपलब्ध राहील हे पाहणं तुमचंच काम. स्टॅटिक लिंकिंगही (क्यूटी अ‍ॅपच्याच फाइलमध्ये मिसळणं) चालतं, पण मग ग्राहकाला पुन्हा लिंक करता यावं म्हणून ऑब्जेक्ट फाइल्स (तुमच्या कोडच्या कंपाइल केलेल्या, अजून न जोडलेल्या फाइल्स) द्याव्या लागतात.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. क्यूटी चार्ट्स, व्हर्च्युअल कीबोर्ड यांसारखी मोड्यूल्स एलजीपीएलखाली नाहीतच; ती जीपीएल (वितरित अ‍ॅपचा अख्खा कोड उघडा करायला लावणारा कडक परवाना) किंवा व्यावसायिक. एक आलेख काढायला चार्ट्स घेतलं की वितरित होणारं अख्खं अ‍ॅप जीपीएलखाली येतं. त्यामुळे प्रत्येक मोड्यूलचा परवाना सुरुवातीलाच तपासा.

दुसरी उपकरणांची. २०१६ च्या क्यूटी ५.७ पासून एलजीपीएलची तिसरी आवृत्ती लागू आहे. घरगुती उपकरणात सिक्युअर बूट (फक्त निर्मात्याने मान्य केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लावून बदललेली क्यूटी चालूच दिली नाही, तर परवान्याचा भंग होतो. तिथे व्यावसायिक परवान्याचे पैसे मोजणंच योग्य.