ग्रुपबरोबर वळणात मागे पडतो, काय सराव करू?

पहिला_गियर

नमस्कार. लायसन्स मिळून पाच आठवडे झाले, गाडी घेऊन तीन. १५० सीसी आहे, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला. आतापर्यंत ८०० किलोमीटर झालेत.

मागच्या रविवारी चार मित्रांबरोबर डोंगरातल्या रस्त्याला गेलो होतो. ते सगळे तीन-चार वर्षं चालवतायत. सरळ रस्त्याला मी त्यांच्याबरोबर असतो, पण वळणं सुरू झाली की चांगला २०० मीटर मागे पडतो. मग पुढचा सरळ पट्टा आला की ताणून गाठायचं, असं चाललं होतं. एका वळणात शिरल्यावर कळलं की वेग जास्त झालाय. घाबरून पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी उभी झाली आणि सरळ समोरच्या लेनमध्ये गेली. समोरून कोणी येत नव्हतं. पुढे सगळे थांबले तेव्हा मी काहीच बोललो नाही, उलट एकजण म्हणाला, "आज मस्त चालवलीस."

या रविवारी परत जायचं ठरतंय. मोकळ्या पट्ट्यावर पुढचं चाक उचलायला शिकवतो म्हणतायत. तर वळणात मागे पडू नये म्हणून काय सराव करू? आणि नीट शिकवणारा असेल तर व्हीली कितपत धोक्याची आहे?

जुना_क्लच

जे मित्रांना सांगितलं नाहीस ते इथे सांगितलंस, फार बरं केलंस.

आधी त्या वळणात काय झालं ते बघ. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी वाकलेली असताना त्यातली बरीच पकड वळणच खात असतं, ब्रेकला थोडीच उरते. शिवाय वाकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की ती उठायला बघते, आणि उठली की वळण सुटतं. तुझं तेच झालं. साध्या एबीएसला गाडी किती वाकलीय ते कळत नाही, त्यामुळे वळणात त्याच्या भरवशावर राहू नकोस.

वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गियरही तिथेच खाली घ्यायचा. आत थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) हलका आणि एकसारखा ठेवायचा, वळण उघडायला लागलं की वाढवायचा. आणि मान वळव, नुसते डोळे फिरवून भागत नाही. जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ. नजर जिथे अडकते तिथेच गाडी जाते. त्या दिवशी तू कुठे बघत होतास ते नीट आठवून बघ.

अजून एक, जे मला पाच वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची, डावीकडे तर डावी. ऐकायला उलटं वाटतं, पण जरा वेग आला की गाडी अशीच वाकते. रिकाम्या मैदानात ३०-४० च्या वेगाने करून बघ. वळण मोठं पडतंय असं वाटलं तर ब्रेक आवळण्याऐवजी आतली मूठ अजून थोडी ढकल. गाडी आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा बरीच जास्त वाकू शकते.

आता मागे पडण्याचं. पुढचा वळणातून सुटून ८० ला गेलेला असतो तेव्हा तू अजून ४० ला वळणातच असतोस. दोघं अगदी सारखं चालवत असले तरी हे अंतर पडतंच. मग ते भरून काढायला शेवटचा माणूस सगळ्यात जोरात पळतो, आणि ग्रुपमध्ये शेवटचा बहुतेक वेळा सगळ्यात नवा असतो. म्हणून नव्याला दुसऱ्या नंबरवर घ्यायचं, पहिल्याने आरशात त्याला बघत वेग ठेवायचा आणि प्रत्येक फाट्यावर थांबायचं. तुझे मित्र याला तयार नसतील तर रविवारी जाऊ नकोस, एवढं स्पष्ट सांगतो.

व्हीलीचं. पुढचं चाक हवेत असताना हँडल वळवून उपयोग नाही आणि पुढचा ब्रेकही नाही. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना बहुतेक काम पुढचंच चाक करतं, म्हणजे तू तुझा मोठा ब्रेकच सोडून दिलेला असतो. हातात, खरं तर पायात, उरतो तो मागचा ब्रेक. गाडी जास्त उठली की अंग मागे घसरतं, माणूस मूठ घट्ट धरतो आणि तीच मूठ थ्रॉटल अजून ओढते. १५० सीसी गाडी नुसत्या थ्रॉटलने सहसा उठत नाही, क्लचचा झटका द्यावा लागतो. पाच आठवड्यांच्या हाताला तो झटका मोजता येणं शक्य नाही. हे शिकवणारे लोक आहेत, पण ते बंद ट्रॅकवर, अंगभर संरक्षक कपडे घालून, मागच्या ब्रेकपासून सुरुवात करतात. रस्त्यावर "शिकवतो" म्हणणाऱ्याला नाही म्हण.

हे एवढं लांबण लावून का लिहितोय, तर माझ्यामुळे. पहिली गाडी घेऊन चौथा महिना होता. मागे धाकटा भाऊ. वळणावर माझ्या वर्गातले सहा-सातजण उभे होते, त्यांनी हात केला. मी गाडी नेहमीपेक्षा जास्त वाकवली आणि मान त्यांच्याकडे वळवली, ते बघतायत ना हे बघायला. ही मान वळवल्याची गोष्ट मी कित्येक वर्षं कोणाला सांगितली नव्हती, सगळ्यांना खडीच सांगायचो. खडी होतीच वळणात, रोज तिला चुकवून जायचो. त्या दिवशी दिसली तेव्हा चाक तिच्यावर होतं. पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी आडवी झाली. वेग फार तर ४० असेल.

मला खरचटलं. भावाचा उजवा पाय सायलेन्सरखाली सापडला. घोटा दोन ठिकाणी मोडला, पोटरी भाजली. पँटचं कापड सायलेन्सरला चिकटलं होतं. त्याचा बूट निघेना म्हणून मी लेस सोडत होतो, गाठ सुटत नव्हती, आणि तो विचारत होता, "दादा, गाडीला काय झालं?" अजूनही जिना उतरताना तो आधी उजवा पाय टाकतो आणि डावा त्याच पायरीवर आणतो, लहान मुलं उतरतात तसा.

हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिसमधल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ चा आहे. त्यात निम्म्याहून जास्त जणांना ती गाडी हाताळून पाच महिनेही झाले नव्हते. ९२ टक्के आपापले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. अहवाल जुना आहे, पण मी वाचला तेव्हा मला माझा चौथा महिना आठवला.

लोक शायनिंग म्हटलं की व्हीली आणि झिगझॅगच धरतात. तू सरळ पट्ट्यात ताणून त्यांना गाठतोस तीही शायनिंगच आहे रे, बघणारे पुढे आहेत एवढाच फरक.

टायर_प्रेशर

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त मागच्या ब्रेकबद्दल थोडं. वळणात वेग जास्त वाटलाच तर मागचा ब्रेक अगदी हलका लावला तर गाडी तेवढी उठत नाही. पण हलका म्हणजे हलका. तुझ्या मागच्या चाकाला एबीएस नाही, ते अडकून घसरू शकतं.

आणि इमर्जन्सी ब्रेकिंगचा सराव कर, हे कोणी करतच नाही. रिकामी, कोरडी, स्वच्छ जागा बघ. आधी ३० वरून, मग ४०, मग ५०. ब्रेक एकदम आवळायचा नाही, आधी थोडा दाबून वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग वाढवत न्यायचा. ३० वरून थांबायला जेवढी जागा लागली, ६० वरून साधारण चौपट लागेल. एकदा स्वतः पावलं टाकून मोजलंस की ते डोक्यातून जात नाही.

रात्रपाळी

मी अपघात विभागात नर्स आहे. मला गाडी चालवण्यातलं कळत नाही, घालायचं काय ते सांगते.

पडताना माणूस हात टेकतो. ग्लोव्ह्ज नसतील तर तळहातात रुतलेली खडी आम्हाला ब्रशने घासून काढावी लागते, आणि ते पुरेपूर बधिर करता येतंच असं नाही. मग कित्येक दिवस तो मुलगा स्वतःच्या हाताने घास घेऊ शकत नाही, बटण लावू शकत नाही.

हेल्मेटचा पट्टा लावून मागची कड धरून पुढे ढकलून बघ. डोक्यावरून निघालं तर पडल्यावरही निघणार. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नकोस. बाहेरून धड दिसतं, पण आतलं थर्माकोल एकदाच दबतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

अजून एक सांगावंसं वाटतं. डॉक्टर विचारतात, कसा पडला? तेव्हा बरोबर आलेला मित्र बऱ्याचदा मोबाइल काढून व्हिडिओच दाखवतो. त्याचा हात थरथरत असतो.

पहिला_गियर

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, आठवलं. मी समोरच्या कठड्याकडे बघत होतो, त्यावर पांढरा पट्टा होता तोही आठवतोय.

मित्रांपैकी एकाला काल रात्री त्या वळणाचं खरं काय ते सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, त्याच वळणात गेल्या वर्षी तोही बाहेर गेला होता. या रविवारी तो पुढे, मी त्याच्या मागे. चाक उचलायचं रद्द. उद्या सकाळी मैदानात जाऊन ३० पासून सुरू करतो. ताई, ग्लोव्ह्ज आजच घेतले.

दादा, एक विचारू? तुमचा भाऊ नंतर तुमच्या मागे बसला का?

जुना_क्लच

बसला, दीड वर्षाने. आधी माझ्या खांद्यावर हात ठेवतो, मग डाव्या पायावर भार देऊन उजवा हळूच पलीकडे टाकतो. दोन्ही पाय नीट टेकले की खांद्यावर थाप मारतो. तोवर मी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो.