चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर ब्रिज केल्यावर बंद पडतो : सल्ला हवा

सह्यवाट : गाडीत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर बसवून तीन आठवडे झाले. पहिल्या दोन चॅनेलवर पुढच्या दारांतले स्पीकर आहेत आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एकच आउटपुट करून, डिकीतला दहा इंची सबवूफर (खर्जाचा स्पीकर) जोडला आहे. ढोल-ताशाचे रेकॉर्डिंग जरा मोठ्याने लावले की ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागतो आणि सगळा आवाज जातो. सबवूफरला २ ओमच्या दोन कॉइल असून दुकानात त्या समांतर जोडल्या आहेत. माहितीपत्रकानुसार प्रत्येक चॅनेल ४ ओमला ७५ वॅट व २ ओमला १०० वॅट देतो, ब्रिज केल्यावर ४ ओमला २०० वॅट. दुकानदार म्हणतो की ॲम्प्लिफायर कमी पडतो, सबवूफरसाठी वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर, घ्या. घ्यावा का?

जुनी तार : आत्ता काही घेऊ नका. ॲम्प्लिफायर कमी पडत नसून त्याच्यावर झेपणार नाही एवढा भार टाकला गेला आहे.

ब्रिज करताना एका चॅनेलचे धन टोक आणि दुसऱ्याचे ऋण टोक वापरतात, आणि दोन्ही चॅनेल एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात. एक १० व्होल्ट वर गेला की दुसरा तेवढाच खाली जातो, म्हणून कॉइलला २० व्होल्ट मिळतात. कॉइल ४ ओमची असेल तर ५ अँपिअर प्रवाह वाहतो; पण हेच ५ अँपिअर प्रत्येक चॅनेलला आपल्या १० व्होल्टवर द्यावे लागत असल्याने त्याला भार २ ओमचा भासतो. माहितीपत्रकातले २०० वॅट म्हणजे २ ओमवरचे १०० अधिक १००, हे यावरून लक्षात येईल.

तुमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यामुळे १ ओम झाला आहे आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला तो अर्धा ओम भासतो. ओम जितके कमी तितका प्रवाह, म्हणजेच भार, जास्त. आवाज वाढला की संरक्षक यंत्रणा ॲम्प्लिफायर बंद करते, आणि ते योग्यच आहे. कॉइल एकसर जोडा, म्हणजे पहिल्या कॉइलचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला जोडून उरलेली दोन टोके ॲम्प्लिफायरकडे न्या. एकूण ४ ओम होतील. मल्टिमीटर मात्र साडेतीनच्या आसपास दाखवेल, कारण तो केवळ तारेचा रोध मोजतो; त्याने गोंधळू नका.

काळी टेप : सहमत. त्यातच एक भर घालतो. मोनो ॲम्प्लिफायरवर पुष्कळदा स्पीकरच्या टोकांच्या दोन जोड्या दिसतात. त्या आतून एकच असतात, त्यामुळे ४ ओमचे दोन सबवूफर दोन जोड्यांना लावले तरी भार २ ओमच होतो. वेगळा मोनो घेतला असता आणि या कॉइल तशाच १ ओमवर ठेवल्या असत्या, तर १ ओम न झेपणाऱ्या मोनोवरही हाच लाल दिवा दिसला असता. आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज आहे ना, तेही पाहून घ्या.

सह्यवाट : रविवारी सबवूफर पेटीतून काढून जोडणी बदलली. मल्टिमीटरवर ३.५ आले. पाऊण तास मोठ्या आवाजात वाजवला, दिवा लागला नाही. पाहताना पॉवरची तार सोलली तर वरून तांबूस आणि सुरीने खरवडल्यावर आत चंदेरी निघाली. शिवाय गाडीच्या मूळ स्टीरिओवर चालणारे मागचे दोन स्पीकर आहेत, त्यांच्या ऋण तारा एकत्र करून गाडीच्या बॉडीला जोडल्या तर चालतील का?

जुनी तार : अजिबात नाही. त्या स्टीरिओचे प्रत्येक आउटपुट बहुधा आतूनच ब्रिज केलेले असते आणि दोन्ही तारांवर सुमारे ६ व्होल्ट असतात; त्यांतली एकही बॉडीला लावली तर आतली चिप जाऊ शकते. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतंत्र दोन तारा हव्यात. चंदेरी निघालेली तार तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तेवढ्याच जाडीत ती तांब्यापेक्षा कमी प्रवाह वाहते, तेव्हा खर्च करायचाच असेल तर आधी ती बदला.