साप्ताहिक साचू नये म्हणून
एकाने लिहिलंय की 'द इकॉनॉमिस्ट' या इंग्रजी साप्ताहिकाचे अंक टेबलावर साचतात, आणि नवा अंक आला की छातीत धस्स होतं. फोंड्याहून पणजीला कॉलेजसाठी रोज येजा करायचो तेव्हा माझीही हीच गत होती.

चूक एकच होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट. हा अंक तसा वाचायचा नसतोच. सुरुवातीला आठवड्याच्या घडामोडी थोडक्यात दिलेल्या असतात, त्या बसमध्ये बाणस्तारीचा पूल येईपर्यंत वाचून होतात. मग अग्रलेखांपैकी एक. आणि आशियाच्या विभागातला एक लेख मात्र नीट, पेन्सिल हातात धरून. मी समासात अनोळखी शब्दाखाली रेघ मारायचो आणि लेख संपल्यावर त्याचं म्हणणं मराठीत दोन ओळींत लिहायचो. त्या दोन ओळी जमल्या नाहीत, तर लेख समजलेलाच नसायचा! बाकीचं बिनधास्त सोडा. उभ्याने प्रवास असेल तर अ‍ॅपवर अख्खा अंक ऐकताही येतो.

वर्गणी परवडत नसेल तर पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची ही संस्था आपल्या गोव्यात आहे आणि तिथे नियतकालिकं बसून वाचता येतात. सोबत 'साधना'ही चाळा. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं हे साप्ताहिक आपल्या भाषेत विचार करायची सवय लावतं, आणि ती इंग्रजी अंक वाचतानाही फार उपयोगी पडते.

जुने अंक आजच बाजूला काढा. येत्या शनिवारी फक्त ताजा उघडा.